टाइलवर टाइल

"बाई, जरा हिकडं या की. तितनं काय दिसणार तुमास्नी?"

मगदूम न्हाणीघरातून हाका मारत होते आणि मी खोलीच्या दारात, एक पाय बाहेर ठेवून उभी होते.

"दिसतंय मला. नजर अजून शाबूत आहे माझी. बोला तुम्ही," मी म्हणाले.

मगदूम म्हणजे आमच्या भागातले न्हाणीघरांचे कंत्राटदार. विश्रामबागेतली निम्मी न्हाणीघरं आपण बांधली असं ते सांगायचे, आणि उरलेली निम्मी ज्यांनी बांधली त्यांना काम येत नाही, असंही लगेच सांगायचे. माणूस आडव्या अंगाचा, जिभेला हाड नसलेला. शर्टाच्या खिशात तपकिरीची डबी. दोन वाक्यं झाली की एक चिमूट नाकात. त्या माणसाला बाकी काही कळत असो नसो, वास कुठला येत असणार? मला तेवढंच त्यांच्याबद्दल बरं वाटत होतं.

माझ्या खोलीला लागून असलेलं न्हाणीघर नवं करायचं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे माझ्या सुनेनं, रेवतीनं ठरवलं होतं. बादली-मग जाऊन त्यांच्या जागी शॉवर येणार होता. बसून आंघोळ करता यावी म्हणून भिंतीलगत कट्टा येणार होता. वर आणखी लांब नळीचा, हातात धरायचा दुसरा शॉवर. माझा मुलगा मिलिंद टेपनं मापं घेत होता आणि रेवती कट्टा किती उंच हवा ते स्वतः खाली-वर बसून दाखवत होती.

मगदूमांनी हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर टकटक केलं. "टाइल जरा पोकळ बोलत्यात हितं. पण धरून हायत. मी काय म्हणतो साहेब, कशाला उगंच फोडाफोडी? टाइलवर टाइल बसवूया. जुनी हाय तशी र्‍हाऊ दे, वरनं केमिकल लावायचं आन् नवी चिकटवायची. ना धूळ ना कचरा. आठवड्याच्या आत बाई आंघोळीला मोकळ्या."

"नको," रेवती म्हणाली. "फोडूनच करा. खालची फरशीसुद्धा काढा. हा उंबरा मला नकोय. आईंना पाय उचलून आत जायला लागू नये."

"मग महिना धरा ताई. फोडायचं, भिंत वाळू द्यायची, वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी भरून ठिवायचं, खालच्या मजल्यावर गळतंय का बघायचं... लई उसाभर हाय."

"चालेल. तेवढे दिवस आई सईच्या खोलीत झोपतील."

"काही फोडायचं नाही!" मी म्हणाले.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. तिघंही वळून बघायला लागले. मगदूमांची तपकिरीची चिमूट हवेतच राहिली.

"टाइलवर टाइल. ठरलं," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

आता ही गोष्ट घडून बरीच वर्षं झाली, म्हणून सांगता येते. त्या वेळी कोणी माझी जीभ हासडली असती तरी सांगितली नसती. मला महिनाभर माझ्या नातीच्या, सईच्या खोलीत झोपायचं नव्हतं, कारण माझ्या अंगाला वास येत होता.

मी, सुलभा नांद्रेकर, आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. रेक्टरबाई म्हणून अजूनही या शहरात मला ओळखणार्‍या बायका आहेत आणि त्यातल्या काही मला बघून रस्ता बदलतात. रोज सकाळी मी खोल्यांमधून फिरायचे ते नाकानं. ओले टॉवेल कुठे कोंबलेत, आंबलेला डबा कुठल्या पलंगाखाली आहे, कोण न धुता कपडे घालतंय, मला दारातच कळायचं. मुली म्हणायच्या, बाईंना डोळे झाकून सोडलं तरी त्या खोली नंबर सांगतील. मला ते ऐकून आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

तर त्या माझ्या नाकाला एका दुपारी, झोपून उठल्यावर, वास आला. ओल्या गोणपाटासारखा, आंबूस, जुना. मी उशी हुंगली, चादर हुंगली, पलंगाखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. शेवटी पदर नाकाला लावला आणि त्याला तो वास होता. कपाटातल्या साड्यांना होता. केसांना होता. वसतिगृहाच्या बाजूलाच एक म्हातारी बाई राहायची, तिच्या घरी असाच वास यायचा. मी तिच्याकडे दिवाळीचा फराळ द्यायला जायचे तो उंबर्‍यावरूनच देऊन परत यायचे. म्हातारपणाचा वास म्हणतात तो हाच, हे मला त्या दुपारी कळलं.

मग मी लढाईला उभी राहिले. आधी दोन वेळा आंघोळ करत होते, ती तीन वेळा केली. गीझरचं कढत पाणी घ्यायचं आणि अंग लाल होईपर्यंत घासायचं. मगानं सपासप पाणी ओतायचं, समोरची भिंत वरपासून खालपर्यंत न्हाऊन निघायची. कपाटात डांबराच्या गोळ्या, उशाशी कापूर. आणि खिडकी कायम बंद, कारण न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि डक्टच्या पलीकडे शेजारच्या आरवाडे वहिनींचं स्वयंपाकघर आहे. माझा वास त्यांच्या आमटीवर जायला नको! खोलीचं दारही मी लावून घ्यायला लागले. एवढं सगळं करूनही वास वाढतच होता. मी घासत होते आणि तो वाढत होता.

माणसांपासून मी हातभर लांब राहायला लागले. सोसायटीतल्या बायकांचं भजन दर गुरुवारी असायचं, तिथे जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. जेवायला टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसायचे. माझी नात सई तेव्हा दहावीत होती. लहानपणापासून ती माझ्याजवळ झोपायची. त्या पावसाळ्यात तिनं आपली गादी उचलून पुढच्या छोट्या खोलीत नेली. "आजी, मला रात्री लाइट लावून अभ्यास करायचा असतो, तुझी झोपमोड होते," म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे. शहाणी आहे पोर.

मला एकच आधार होता. अजून कोणाला कळलेलं नाही. कोणी नाक मुरडलं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं. आमच्या घरात कोणी उगाच भिडस्त नाही. वास आला असता तर बोलले असते, असं मी स्वतःला समजावत होते. पण रेवतीचं वागणं मला खुपायला लागलं होतं. एक दिवस तिनं चंदनाचा साबण आणून माझ्या न्हाणीघरात ठेवला. "सहज आणला, आई." मी तो तसाच कागदासकट कामवालीला देऊन टाकला. मग वाळ्याची जुडी आणून माझ्या कपाटात टाकली. मी ती बाहेर काढून गॅलरीत फेकली. संध्याकाळी धूप फिरवायची ती माझ्या खोलीत जरा जास्तच वेळ फिरवायची. मी म्हणायचे, "रेवती, हे काय देऊळ आहे का? पुरे कर." ती धूपदाणी घेऊन बाहेर जायची. नको तिथे सेवा करून चांगलं म्हणवून घ्यायची हिला हौस आहे, असं मी मिलिंदला एकदा तिच्यादेखत म्हणाले.

आणि आता तिनं न्हाणीघर काढलं होतं. महिनाभर मला माझ्या खोलीतून उठवून, सईच्या छोट्याशा खोलीत, पंखा एकच, खिडकी एकच, अशा ठिकाणी झोपवणार. एका रात्रीत सगळ्या घराला कळलं असतं. मग काय झालं असतं तेही मला दिसत होतं. नातीनं तोंडावर पांघरूण घेतलेलं बघायचं आणि मग आपण होऊन एखाद्या वृद्धाश्रमाची चौकशी करायची. मिरजेत एक बरा आहे, असं मी ऐकून ठेवलं होतं. जायची तयारी होती माझी. फक्त का जातेय ते कोणाला कळायला नको होतं.

त्या दिवशी जेवताना रेवतीनं विषय पुन्हा काढला. "आई, एकदाच काम करायचंय तर नीट करू. मगदूम पण म्हणाले, टाइल पोकळ वाजतात. मागे ओल असेल तर?"

"ओल न्हाणीघरात नसेल तर काय देवघरात असेल?" मी म्हणाले. "आंघोळ मी करते तिथे. मला उंबरा चालतो, मला बादली चालते. तुम्हाला हौस आहे म्हणून शॉवर लावा. पण फोडाफोडी केलीत तर मी सरळ घर सोडून जाईन."

"अगं आई, कुठच्या कुठे नेतेस!" मिलिंद म्हणाला. मग बायकोकडे बघून, "जाऊ दे गं. टाइलवर टाइल करू. कट्टा तर होतोय ना?"

रेवतीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. मला वाटलं, हट्ट मोडला म्हणून. आणि मनात बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मगदूमांची माणसं आली ती सोमवारी सकाळी. नेमकी माझी पहिली आंघोळ व्हायच्या आधी. पुढच्या न्हाणीघरात मी घाईघाईनं दोन तांबे अंगावर घेतले, पण बाहेर मिलिंद दाढीसाठी खोळंबलेला, सईची शाळेची घाई. घासणं काही झालं नाही. दिवसभर मला चैन पडेना. मी खोलीत पलंगाच्या पार कडेला बसून होते आणि मगदूम न्हाणीघरात आपल्या माणसाला सूचना देत होते.

"टाइलला हात लावू नगंस. फकस्त नळ काढ आन् शॉवरच्या पाइपासाठी हितनं वर एक झिरी मार. बारीक. दोन बोटं."

त्या माणसानं छन्नी लावली. पहिला घाव, दुसरा घाव. तिसर्‍या घावाला एक टाइल सुटली. तिच्या मागोमाग तिच्या शेजारची, मग वरच्या दोन, आणि मग धाडदिशी भिंतीचा मोठा तुकडाच गिलाव्यासकट खाली आला.

"आयला!" मगदूम म्हणाले.

रेवती नेमकी तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन खोलीत आली होती. आणि त्याच क्षणी तो वास आला. नेहमीसारखा नाही. नेहमीच्या दसपट. सगळी खोली भरून गेली. मगदूमांच्या माणसानं शर्टाची बाही नाकाला लावली. रेवतीनं ट्रे तिथेच टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. समोर भिंत पडलेली. माणूस नाक धरून भिंतीपासून मागे सरतोय. आणि मला वाटलं, आज नीट आंघोळ केली नाही, त्याचा हा परिणाम. परक्या माणसांसमोर, सुनेसमोर, आज सगळं बाहेर आलं. मी पदर अंगाभोवती घट्ट लपेटला आणि उठून थेट गॅलरीत गेले. तिथे वारा होता. कठड्याला धरून मी उभी राहिले. खाली रस्त्यावर भाजीची गाडी चालली होती. मला वाटत होतं, आत्ताच्या आत्ता मिरजेला निघावं, अंगावरच्या साडीवर.

"आई! आई, इकडे या!" आतून रेवतीचा आवाज आला.

मी हलले नाही.

"अहो आई, लवकर या ना!"

ती गॅलरीत आली आणि तिनं माझा हात धरला. मी सोडवून घ्यायला बघितलं.

"हात नको लावूस मला. मला माहीत आहे, रेवती," मी म्हणाले. "सगळं माहीत आहे. मी जाणार आहे. तुम्हाला त्रास नाही व्हायचा."

"कुठे जाणार आहात? आधी आत चला." तिनं मला ओढतच नेलं. इतकी वर्षं त्या घरात राहून तिनं मला कधी अशी ओढली नव्हती.

न्हाणीघराच्या भिंतीला मोठं भगदाड पडलं होतं. आतल्या विटा काळ्या पडल्या होत्या, चुलीतल्या लाकडासारख्या. त्यांवर हिरवट-पांढरी लव चढली होती आणि गिलाव्याचा जो तुकडा खाली पडला होता तो ओल्या भाकरीसारखा हातात चुरगळत होता. मध्ये एक लोखंडी पाइप गंजून फुगला होता आणि त्याच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. भिंत एका बाजूनं न्हाणीघराची, दुसर्‍या बाजूनं माझ्या कपाटाच्या पाठीची.

"वास घ्या," रेवती म्हणाली.

"रेवती..."

"वास घ्या म्हणते ना!"

मी वाकले. नाक भिंतीजवळ नेलं. वसतिगृहातल्या सगळ्या पोरींना ज्या नाकाचा धाक होता ते नाक.

माझ्या पदराचा वास. माझ्या उशीचा. माझ्या केसांचा.

"बुरशी हाय बाई," मगदूम मागून म्हणाले. "लई दिवसांची. पाइप गळतोय, त्यात वरनं रोज पाणी, टाइलचे सांधे उघडे, खिडकी बंद. मग भिंतीनं करावं काय? टाइलवर टाइल केलं असतं तर आतल्या आत पाक सडलं असतं. मी म्हणलोच हुतो, पोकळ बोलतंय."

म्हटलं होतं खरं, पण टाइलवर टाइलही त्यांनीच काढलं होतं. पण त्या वेळी मगदूमांशी भांडायला मला शुद्ध नव्हती. मला हसू येत होतं. मी नव्हते! मी तीन वेळा घासत होते ते निष्कारण, आणि जितकं घासत होते तितकं भिंतीला पाणी पाजत होते. मी रेवतीकडे वळले, तर ती मोबाइल कानाला लावून खोलीत उभी होती. हसत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अहो, ऐका ना," ती म्हणत होती. मिलिंदला फोन लावला होता तिनं. "आईंचा नव्हता! नाही, नाही, आईंचा नव्हताच! भिंतीचा आहे! अहो खरंच, मी आत्ता स्वतः... हो, तोच. तोच वास!"

माझं हसू तोंडातच राहिलं.

तोच वास. म्हणजे तो वास त्यांच्यात होता. त्याच्यावर बोलणं झालेलं होतं. त्याला नावसुद्धा होतं, तो वास, आईंचा वास. मी टेबलाच्या टोकाला बसून चोरासारखी जेवत होते आणि सगळ्यांना ठाऊक होतं मी तिथे का बसते.

संध्याकाळी मिलिंद घरी आला तो पेढे घेऊन. लवकर आला, ऑफिसातून. बूटसुद्धा न काढता त्यानं पुडा माझ्यासमोर धरला. "आई, तोंड गोड कर!" त्याचा चेहरा त्याच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा फुलला होता. सईनं येऊन मला मिठी मारली आणि त्याच दिवशी गादी माझ्यासाठी आपल्या खोलीत ओढून ठेवली. माझ्या अंगाला वास येत नाही म्हणून माझ्या घरात पेढे वाटले जात होते, आणि एक पेढा मलाही खायचा होता. मी खाल्ला. 

दुसर्‍या दिवशी जिन्यात आरवाडे वहिनी भेटल्या. "रेक्टरबाई, बरं झालं हो, भिंतच निघाली!" म्हणाल्या. "आता या गुरुवारी भजनाला. सगळ्या वाट बघतायत." सगळ्या. एखाद्यावर खटला चालावा, साक्षी व्हाव्यात, तो निर्दोष सुटावा आणि त्याला हे सगळं शेवटच्या दिवशी कळावं, तशी माझी गत झाली. मी त्या गुरुवारी भजनाला गेले नाही. त्यानंतरच्याही नाही.

काम मात्र आता नीट सुरू झालं. टाइलवर टाइलचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्या टाइल्स निघाल्या, गिलावा विटेपर्यंत खरवडला, जुना पाइप काढून नवा टाकला. भिंत तशीच उघडी ठेवून मगदूमांनी खोलीत एक टेबलपंखा तिच्याकडे तोंड करून लावून ठेवला. "घाई करायची न्हाई. भिंत आतनं वाळल्याबिगर वरनं काय बी लावलं तरी बुरशी परत येती," ते आता अशा थाटात सांगत होते, जणू टाइलवर टाइल हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नव्हता. भिंत वाळली, नवा गिलावा झाला, डोक्याच्या वरपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाले, कोपर्‍यांना जाळीची पट्टी लागली. खिडकीत पंखा बसला. मग दाराशी विटांचा छोटा बांध घालून, मोरीला बोळा कोंबून त्यांनी न्हाणीघरात पाणी भरलं आणि भिंतीवर खडूनं रेघ मारली. पाणी रेघेच्या खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. तोवर कोणी आत जायचं नाही.

त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. रेवती रेघ बघायला म्हणून न्हाणीघराच्या दाराशी बसली होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. इतके दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. राग होता मला. लाजेचा राग फार वाईट, तो ज्याच्यावर काढायचा त्याचा काही दोष नसतो.

"पाणी आहे तेवढंच आहे," ती म्हणाली.

"मला तोंडावर का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

ती पाण्याकडेच बघत राहिली. "कसं सांगणार, आई? तुम्ही इतक्या स्वच्छ. तुम्हाला कळत नसेल असं वाटलं. कळलं असतं तर तुम्हाला सहन झालं नसतं."

"म्हणून आरवाडे वहिनींना सांगितलंत."

"मी नाही सांगितलं. त्यांनीच मला विचारलं होतं. रेक्टरबाईंची तब्येत बरी नाही का म्हणून. मी म्हटलं, बरी आहे, आणि दार लावून घेतलं."

 ती थोडा वेळ नखानं बांधाच्या विटेवरची वाळू काढत राहिली आणि मग म्हणाली, "मी सांगणार होते तुम्हाला. हे काम झालं की."

"काय सांगणार होतीस?"

"जाऊ द्या ना आता."

"नाही, सांग."

"कट्टा झाला असता, हातातला शॉवर आला असता... मग म्हटलं असतं, रोज मी घालते तुम्हाला आंघोळ." तिनं पटकन माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नजर खाली घातली. "मला वाटलं, तुमचा हात सगळीकडे पोचत नसेल. वाकता येत नसेल. मी मागच्या महिन्यात लग्नाचं सांगून कोल्हापूरला आत्याकडे गेले होते ना? लग्न नव्हतं तिथे. आत्या तिच्या सासूबाईंना आंघोळ घालते. त्यांना अवघडल्यासारखं न होता कशी घालायची, ते बघायला गेले होते. ती म्हणाली, बादलीनं जमत नाही, बसायला हवं आणि शॉवर हातात हवा. उंबरा तर नकोच."

त्या कोल्हापूरच्या लग्नावरून मी तिला काय काय बोलले होते ते मला आठवलं. ऐन सईच्या परीक्षेत नटायला निघालीस म्हणाले होते. ती गेली तेव्हा दारापर्यंतसुद्धा आले नव्हते.

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"म्हटलंच असतंत तुम्ही," ती थोडी हसली. "म्हणून काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. भाषणासारखं."

"बोल."

"आता कशाला आई? आता तुमचा वास नव्हताच."

"तरी बोल. मला ऐकायचंय."

ती लाजली. पदराशी चाळा केला. मग वर्गात उभ्या केलेल्या मुलीसारखी, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुमच्या पाठीला तुमचा हात पोचत नाही. माझा पोचतो. लहानपणी माझी आई गेली तेव्हापासून मला कोणाची पाठ चोळायला मिळाली नाही. तुमची चोळू द्या." आणि थांबली. "एवढंच. पुढचं सुचलं नव्हतं."

वास माझा आहे असं वाटत होतं तेव्हा मला लाज वाटत होती. सगळ्यांना ठाऊक होतं हे कळलं तेव्हा तर जास्तच. पण त्या दुपारी जी वाटली तशी कधीच वाटली नव्हती. वास माझाच आहे असं समजून, नाक न मुरडता, ही पोर माझ्या जवळ यायची तयारी करत होती, आणि मी तिचा साबण कामवालीला देत होते.

मला तिला तोंड दाखववेना. मी बसल्या बसल्याच तिच्याकडे पाठ फिरवली आणि रडायला लागले. पाठीवर तिचा हात आला. वरपासून खालपर्यंत फिरला, पुन्हा वर गेला. मी सरकले नाही.